होडीची जुनी भोकं इपॉक्सीने बुजवायची तर आधी ती मोठी करा

फायबरची जुनी होडी विकत घेतली की आधीच्या मालकाने पाडलेली सगळी भोकं सोबत फुकट मिळतात. माझी १८ फुटी होडी दाभोळ खाडीत असते, घेतली तेव्हा सहज मोजायला बसलो तर लहानमोठी मिळून २७ भोकं निघाली. तळाला फिश फाइंडरचा (पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) सेन्सर बसवायला पाडलेलं ४० मिमीचं एक, मागच्या फळीत जुन्या इंजिनाच्या बोल्टांची चार, आणि बाकी सगळी बाकडी, हुक, ताडपत्रीच्या दांड्या असल्या कशाकशाच्या स्क्रूची.

तळाचं मोठं भोक कोणीतरी सिलिकॉन आणि पुट्टी कोंबून बंद केलेलं. पहिल्या वर्षी मी पण तेच केलं, म्हणजे जुनं उकरून काढलं, नवी पुट्टी कोंबली, घासली, वरून रंग मारला, आणि दिसायला इतकं झकास झालं की चार जणांना बोलावून दाखवलं. गणपतीच्या आठवडाभर आधी होडी वाळूवर ओढत होतो तर तो अख्खा गोळा बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला. हातात घेऊन बघितला तर कडा गुळगुळीत, कुठे चिकटलाच नव्हता.

आता हिशोब बघा. तळाची जाडी ६ मिमी, भोक ४० मिमीचं, सरळ उभं पाडलेलं. म्हणजे पुट्टीला चिकटायला जागा किती, तर फक्त भोकाची आतली कड, साधारण ७.५ चौरस सेंटीमीटर. त्याच भोकाला चारी बाजूंनी बशीसारखा उतार दिला, जाडीच्या १२ पट, म्हणजे प्रत्येक बाजूला ७२ मिमी, तर बाहेरून बशीचा व्यास होतो १८४ मिमी आणि चिकटायला जागा मिळते जवळजवळ २५० चौरस सेंटीमीटर. तेहतीस-चौतीस पट. एवढंसं भोक आणि त्याच्यासाठी जेवायच्या ताटलीएवढी जागा घासायची हे बघून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण सगळी मजबुती त्या उतारात आहे, डब्यातल्या इपॉक्सीत नाही.

साधं रेझिन की इपॉक्सी

आपल्याकडे फायबरचं काम करणारे बहुतेक सगळे पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्याला नुसतं रेझिनच म्हणतात, ते कडक व्हायला त्यात कोबाल्ट आणि कॅटलिस्ट घालायचं. नवीन होडी बनवताना ते चालतं कारण एक थर ओला असताना दुसरा बसतो आणि सगळं मिळून एक होतं. पण दहा-पंधरा वर्षं जुन्या, कडक झालेल्या फायबरवर पॉलिएस्टर तेवढं घट्ट धरत नाही, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून कडक होणारं) कितीतरी चांगलं धरतं, शिवाय पाणी पण कमी पितं. महाग आहे, हो. पण एका भोकाला लागतं किती ते पुढे सांगतो, मग ठरवा. (साधं रेझिन वापरणाऱ्यांसाठी जाता जाता, कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट.)

दुसरी गोष्ट, मॅट. दुकानात इपॉक्सी मागितलं की दुकानदार सवयीने ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) चॉप मॅट पण बांधून देतो, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चादर. ती घेऊ नका. त्या मॅटमधले तुटक धागे ज्या खळीने धरलेले असतात ती खळ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही, आत हवा अडकते. इपॉक्सीला विणलेलं काचेचं कापड घ्या नाहीतर शिवलेलं बायॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचे थर एकत्र शिवलेलं). चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं बायॅक्सियल हाताने लावलं तर एका थराची जाडी साधारण ०.८ ते ०.९ मिमी येते, म्हणजे ६ मिमीच्या तळाला सात थर.

इपॉक्सी कुठलं? लॅमिनेशनचं, पातळ, सावकाश कडक होणारं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या ट्यूब घरातली कपबशी चिकटवायला ठीक आहेत, पाण्याखाली त्यांचा भरवसा धरू नका. गाड्यांच्या गॅरेजमधली पुट्टी पण नको, ती पॉलिएस्टरची असते आणि तिच्यातली पावडर पाणी ओढते, कालांतराने फुगते.

बाकी सामान: सिलिका पावडर (कापसासारखी हलकी, एरोसिल नावाने मिळते), मायक्रोबलून, अॅसिटोन, नायट्राइल हातमोजे भरपूर, कागदी कप, आइस्क्रीमच्या काड्या, खाकी पॅकिंग टेप, जाड प्लास्टिक, ग्राइंडरला ४० नंबरची डिस्क, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. आणि एक छोटा वजनकाटा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. हा काटा का लागतो ते पुढे येतंच.

कधी करायचं

इथे कोकणात एक गंमत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, सगळ्यांना दुरुस्तीला वेळच वेळ, आणि इपॉक्सीसाठी अख्ख्या वर्षातला सगळ्यात वाईट काळ तोच. नुसतं पावसात भिजतं म्हणून नव्हे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दव पडायचं तापमान (दवबिंदू) २६ च्या आसपास असतं. होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश तरी गरम पाहिजे असा नियम आहे, आणि इथे फरक आहे फक्त २ चा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ओलावा सतत बसत राहणार. डिसेंबरात दुपारी ३० अंश आणि ६० टक्के असेल तर तेच दव २१-२२ ला जातं, निवांत काम होतं.

म्हणून ज्यांची होडी रोज धंद्याला लागत नाही त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ज्यांना जून-जुलैच मिळतो त्यांनी पत्र्याच्या शेडखाली, पॅचच्या (भोकावर लावायच्या ठिगळाच्या) भोवती ताडपत्रीचा तंबू करून आत हॅलोजनचा दिवा लावा, जागा हाताला कोमट लागली पाहिजे, आणि दिवा कापडापासून आणि अॅसिटोनपासून लांब ठेवा. मे महिन्यात उलटी अडचण, ३५ अंशात कपातलं इपॉक्सी बघता बघता उकळायला लागतं, तेव्हा सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत आटपायचं.

होडी पाण्यातून काढली आणि दुसऱ्या दिवशी इपॉक्सी लावलं असं कधीच करू नका. गोड्या पाण्याने धुवा, मीठ जाऊ दे, मग किमान दोन-तीन आठवडे वाळवा. वाळली का बघायला भोकाशेजारी हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस उन्हात ठेवा. आतून घाम सुटला तर अजून ओली आहे.

साफसफाई आणि उतार

आधी भोकाभोवती एक रुपयाच्या नाण्याने टकटक करत फिरा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेले असतील तिथे भदभद. भदभद आवाज जिथपर्यंत येतो तिथपर्यंत पेन्सिलीने रेघ मारा, तेवढं सगळं जायला पाहिजे. माझ्या ४० मिमीच्या भोकाभोवती एका बाजूला बोटभर थर सुटलेले निघाले.

मग सिलिकॉन. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि ह्यातच लोक घाई करतात. सिलिकॉनवर इपॉक्सी चिकटत नाही, आणि सरळ ग्राइंडर लावला तर डिस्क ते सिलिकॉन वितळवून आजूबाजूला चोपडते. ब्लेडने खरवडून काढा, शक्य तितकं सगळं, मग अॅसिटोन. अॅसिटोनने पुसायची पण पद्धत आहे, एका फडक्याने ओलं पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या स्वच्छ फडक्याने उचलून घ्यायचं, नाहीतर तेलकटपणा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो एवढंच. हे घासण्याच्या आधी करायचं. मेणाचं पॉलिश, डिझेल, माशाचं तेल काय काय मुरलेलं असतं, आधी घासलं तर ते ओरखड्यांत दाबलं जातं. साधा थिनर नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही.

आता ग्राइंडर, ४० नंबर. त्याआधी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, एन-९५ मास्क. काचेची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही आणि छातीत जाते ती वेगळीच. पेन्सिलीने १८४ मिमीचं वर्तुळ काढा, भोकाच्या कडेला पूर्ण खोल आणि वर्तुळाच्या रेघेवर शून्य असा उतार घासत आणा. उतार बरोबर येतोय का कळायची सोपी खूण आहे, फायबरचे जुने थर एकेक करून उघडे पडतात आणि कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं दिसायला लागतात. सगळ्या वर्तुळांमधलं अंतर सारखं असेल तर उतार सरळ आहे, एखादं वर्तुळ एका बाजूला फुगलं असेल तर तिथे हात जास्त दाबला गेलाय.

पाण्याच्या वरच्या भागात, जिथे जोर येत नाही तिथे ८ पट उतार चालतो. तळाला १२ पटच.

घासून झालं की ब्रशने झाडा, व्हॅक्युम असेल तर उत्तम, आणि मग हात लावू नका. खरंच नको. हाताचा घाम, जेवणानंतरचं बोटांचं तेल, सगळं जातं तिथे. शंका आली तर स्वच्छ पाणी शिंपडा, पाणी पसरून पातळ पापुद्रा झाला तर जागा स्वच्छ, थेंब थेंब होऊन बसलं तर तेल आहे, पुन्हा अॅसिटोन. ही परीक्षा घेतलीत तर अर्थातच पुन्हा पूर्ण वाळू द्यायचं.

आतून आधार

भोकाला आतून काहीतरी लावल्याशिवाय इपॉक्सी थांबणार कशावर? आत हात पोहोचत असेल तर सनमायकाचा तुकडा घ्या, त्यावर खाकी पॅकिंग टेप चिकटवा, इपॉक्सी त्या टेपला धरत नाही, आणि तो आतून दाबून टेकू द्या. सनमायका वाकतो म्हणून तळाचा गोलवा पण घेतो. आत हात जात नसेल, म्हणजे वर डेक बसलेला असेल, तर लवचिक प्लास्टिकच्या तुकड्याला मधे तार ओवायची, तुकडा गुंडाळून भोकातून आत सरकवायचा, तारेने बाहेरून ओढून धरायचा आणि तार एका आडव्या काठीला पिळायची. पहिले दोन थर तारेच्या भोवती लावून कडक झाले की तार कापून टाका, बाकीचे थर वरून.

मिसळणं

इथे काट्याचं काम. बाजारात सहज मिळणारं एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर घेतलं तर प्रमाण १०० ला १०, आणि ते वजनाने, मापाने नाही. ६० ग्रॅम रेझिनला ६ ग्रॅम हार्डनर. स्वयंपाकघरातला काटा एखादा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, आणि ६ मध्ये १ ग्रॅम चुकला म्हणजे जवळजवळ १७ टक्के चूक झाली. म्हणून ०.१ चा काटा. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर डब्यावर जे प्रमाण असेल तेच, एकमेकांचे रेझिन-हार्डनर अदलाबदल करायचे नाहीत.

साध्या रेझिनची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. तिथे कॅटलिस्ट थोडं जास्त घातलं की लवकर कडक होतं, थोडं कमी घातलं की उशिरा. इपॉक्सीत तसं नाही. हार्डनर हा त्या पदार्थाचा भागच असतो, जास्त घातला तर जास्तीचा हार्डनर आत तसाच राहतो आणि पॅच कायमचा रबरासारखा मऊ, कमी घातला तरी तीच गत. ते खरवडून काढण्यासारखी शिक्षा नाही.

दोन मिनिटं ढवळा, कपाच्या कडा आणि बूड खरवडत, मग ते सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओता आणि पुन्हा मिनिटभर ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं राहतंच. आणि ढवळून झालं की कपात ठेवून मोबाइल बघत बसू नका. कपात साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं, जितकं तापतं तितकं लवकर कडक होतं, धूर निघतो, कप वितळतो. उथळ ताटलीत पसरून ठेवलं तर जास्त वेळ टिकतं. उरलेलं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, बाहेर वाळूवर पसरा.

लागतं किती? माझ्या सात थरांच्या पॅचला, १८० मिमीच्या गोलापासून ५० मिमीच्या गोलापर्यंत, सगळं मिळून कापड ५० ग्रॅम भरलं, आणि इपॉक्सी साधारण तेवढंच प्लस सांडलवंड, म्हणजे ६०-७० ग्रॅम. महाग आहे म्हणणाऱ्यांनी आता एक किलोच्या डब्याचा हिशोब करावा.

पॅच लावणं

कापडाचे सातही गोल आधीच कापून, मोठ्यापासून लहान असे ओळीने मांडून ठेवा, नंतर चिकट हाताने कात्री धरवत नाही. मोठा गोल आधी लावायचा की लहान ह्यावर फायबरवाल्यांमध्ये भांडणं होतात. लहान आधी लावला तर बशीचा आकार थराथराने भरत येतो हे खरं, पण मी मोठा आधी लावतो, कारण मोठा गोल पूर्ण उताराला एकसंध चिकटतो आणि नंतर लेव्हल काढताना घासला जातो तो वरचा लहान, खालच्या मोठ्या गोलाचा धागा कापला जात नाही.

आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने अख्ख्या उतारावर लावा, पाच मिनिटं मुरू द्या. मग थोड्या इपॉक्सीत सिलिका मिसळून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि पातळ हात फिरवा, म्हणजे ओरखडे आणि खड्डे भरतील. त्यावर पहिला गोल. ब्रशने ओढायचं नाही, टोचत टोचत दाबायचं, ओढलं की धागे सरकतात. कापड पूर्ण ओलं झालं की काच जवळजवळ पारदर्शक होते, पांढरं दिसतंय तिथे हवा आहे किंवा इपॉक्सी पोहोचलेलं नाही. फायबरवाल्यांचा खाचांचा लोखंडी रोलर असेल तर तो फिरवा. मग दुसरा, तिसरा.

होडी पालथी घालता येत असेल तर घालाच. माझ्यासारखं खाली झोपून वर तोंड करून करायचं असेल तर एक युक्ती: जाड प्लास्टिकवर उलट्या क्रमाने थर रचा, लहान गोल सगळ्यात खाली आणि मोठा सगळ्यात वर, तिथेच टेबलावर सगळे भिजवा आणि मग प्लास्टिकसकट उचलून भोकावर थापा. प्लास्टिकवरून जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा आणि जास्तीचं इपॉक्सी बाहेर काढा. वर टेकू. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक सोलून निघतं आणि खाली पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट मिळतो, घासायचे दोन तास वाचतात.

मे महिन्यात सातही थर एकदम नको, चार लावा, थांबा, बाकीचे तीन नंतर. मधे किती थांबायचं, तर नख दाबलं तर खूण उमटते पण बोटाला चिकटत नाही अशा वेळी पुढचे थर लावले तर मधे घासायची गरज नाही, जुना थर आणि नवा थर एकजीव होतात. ती वेळ चुकली तर रात्रभर थांबून, धुऊन, घासूनच पुढे.

धुऊन हा शब्द मुद्दाम लिहिला. कडक झालेल्या इपॉक्सीवर कधीकधी, दमट हवेत तर नक्कीच, मेणासारखा चिकट तवंग येतो. तो अॅसिटोनने पुसला तर पसरतो, पाण्यात मात्र विरघळतो. स्वच्छ पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, चोळून धुवा, पुसा, वाळवा, मगच पॉलिश पेपर. न धुता घासलं तर पेपर भरून जातो आणि वरचा रंग पुढे महिन्याभरात पापडासारखा सुटतो.

अंगाला इपॉक्सी लागलं तर अॅसिटोनने हात धुऊ नका, ते कातडीतून अजून आत नेतं. पुसून घ्या, साबण लावा. रोज रोज लागत राहिलं तर अंगावर पुरळ येतं आणि एकदा अॅलर्जी बसली की ती सहसा जात नाही, मग वासाने पण खाज सुटते. हातमोजे दर अर्ध्या तासाने बदला, स्वस्त आहेत.

स्क्रूची आणि बोल्टांची भोकं

पाण्याच्या वरच्या स्क्रूच्या भोकांना कापड लागत नाही. पण तोच नियम लहान प्रमाणात, ड्रिलला मोठा बिट लावून तोंड १५-२० मिमी रुंद करायचं, उताराचं. मागून टेप. कान साफ करायची काडी पातळ इपॉक्सीत बुडवून भोकाच्या आत फिरवायची, मग सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने तळापासून भरत वर यायचं, वरून दाबलं तर खाली हवा अडकते. मी २२ भोकं एका संध्याकाळी भरली. पाण्याखालचं भोक असेल तर कितीही लहान असू दे, उतार देऊन वर दोन थर कापडाचे लावाच.

मागच्या फळीतली बोल्टांची भोकं हे वेगळं प्रकरण, कारण तिच्यात बहुतेक वेळा दोन फायबरच्या मधे प्लायवूड असतं. जुन्या भोकातून पाणी आत शिरून प्लाय कुजतं. ड्रिल घालून बघा, कोरडा फिकट भुसा आला तर देव पावला, काळा ओला चिखल आला तर ही भोकं बुजवून काही होणार नाही, फळी उघडायला लागेल आणि ते काम ह्या लेखात मावणारं नाही. माझ्या चारपैकी एकात ओलसर निघालं, पण कुजलेलं नव्हतं, तर भोक मोठं करून तीन आठवडे उन्हात ठेवलं आणि रोज संध्याकाळी झाकलं.

तिथेच पुन्हा बोल्ट यायचा असेल तर १२ मिमीच्या बोल्टासाठी १८ मिमीचं भोक पाडा, पूर्ण सिलिकावाल्या इपॉक्सीने भरा, कडक झालं की मधोमध पुन्हा १२ चं पाडा. आता बोल्टाच्या भोवती ३ मिमी इपॉक्सीची नळी आहे, पाणी आलं तरी प्लायला शिवत नाही.

लाकडी होडीवाल्यांसाठी एवढंच की कोरड्या लाकडातलं खिळ्याचं भोक, गंजका खिळा काढून, असं भरता येतं, पण फळ्यांच्या मधल्या सांध्यात इपॉक्सी भरू नका. पाण्यात लाकूड फुगतं, फळ्या हलतात, इपॉक्सी हलत नाही, मग फळीच कडेने फाटते. तिथे कापसाची वात ठोकायची जुनी पद्धतच बरोबर आहे.

लेव्हल काढणं

इथपर्यंतचं काम होडी तरंगण्यासाठी होतं, इथून पुढचं नजरेसाठी, आणि थोडं वेगासाठी. मजबुतीला सिलिका, लेव्हलला मायक्रोबलून, हे डोक्यात पक्कं ठेवा. सिलिका दगडासारखी होते, घासताना जीव जातो. मायक्रोबलून म्हणजे पोकळ काचेचे बारीक गोळे, हलके आणि घासायला सोपे, पण त्यांच्यात ताकद नाही, त्यांनी भोक भरायचं नसतं.

रेझिन-हार्डनर पूर्ण मिसळल्यावरच मायक्रोबलून घाला, घनफळाने दोन-तीन पट लागतात, भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल असं झालं आणि काडीवर उभं राहिलं की बस. उभ्या बाजूला घसरत असेल तर चिमूटभर सिलिका. फेटायचं नाही, हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी शंभर भोकं दिसतात. आधी पातळ थर दाबून, मग वरून हवा तेवढा, आणि पॅचपेक्षा लांब असलेल्या स्टीलच्या पट्टीने एकाच दमात ओढून घ्या. परत परत पट्टी फिरवायचा मोह होतो, नका करू.

दुसऱ्या दिवशी घासायला गोल फिरणारं मशीन घेतलंत तर सगळं वाया. पुट्टी मऊ, आजूबाजूचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत बाहेरचा थर) कडक, मशीन मऊ तेवढंच खातं आणि पॅचच्या जागी बशी तयार होते. ४-५ मिमी प्लायची १८ इंच लांब पट्टी कापा, तिला ८० नंबरचा पेपर चिकटवा, दोन टोकांना पकड, आणि तिरपं घासा, एकदा ह्या तिरप्या दिशेने आणि एकदा उलट्या, फुलीसारखं. प्लाय होडीच्या गोलव्याबरोबर वाकतं आणि उंचवट्यालाच लागतं. घासण्याआधी लांबून काळ्या स्प्रेचा धुरळा मारा. घासल्यावर काळं राहिलं तिथे खड्डा, लगेच गेलं तिथे उंचवटा. खड्ड्यात पुन्हा पुट्टी, पुन्हा धुणं, पुन्हा घासणं. तीन फेऱ्या धरून चाला, मला चार लागल्या.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून तळहात फिरवा, मधे पातळ सुती फडकं धरलं तर हाताला जास्त कळतं. आणि अंधार पडल्यावर टॉर्च पृष्ठभागाला अगदी लागून आडवी धरून बघा. मी एकदा बघितलं आणि झोपायला गेलो, कारण दिवसा सपाट दिसणारी बाजू टॉर्चमध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखी दिसत होती.

वरून

घासलेल्या मायक्रोबलूनचे गोळे फुटून उघडे पडलेले असतात, म्हणून रंगाआधी साध्या इपॉक्सीचे दोन-तीन हात सगळ्या पॅचवर आणि आजूबाजूला मारा, नाहीतर पाणी पितं. मग धुणं, १२० ने घासणं, इपॉक्सी प्रायमर, २२० ने हलका हात, रंग. इपॉक्सीला उन्हाचं वावडं आहे, उघडं ठेवलं तर पिवळं पडतं आणि वरून पीठ पीठ होतं, त्यामुळे रंग हवाच. पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर नीट कडक होईल का हा जुगार आहे, मी खेळत नाही, दोन भागांचा पॉलीयुरेथेन रंग मारतो. होडी कायम पाण्यात राहणार असेल तर तळाला अँटिफाउलिंग (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा रंग).

शेवटच्या इपॉक्सीनंतर सात दिवस होडी पाण्यात घालू नका. वरून कडक लागलं तरी आत अजून पक्कं होत असतं.

पाण्यात घातल्यावर पहिल्या दिवशी आतल्या बाजूने पॅचवर फळ्यावरचा खडू चांगला चोळून ठेवा, किंचित जरी पाझर असेल तर खडू ओला होऊन रंग बदलतो. माझा खडू पांढराशुभ्र कोरडा होता. तरी तासाभरात होडीत घोटाभर पाणी साचलं. २७ च्या २७ भोकं तपासली, सगळी कोरडी. २८ वं भोक होतं मागच्या फळीत खाली, पाणी काढायचं, आणि त्याचं बूच घरी खिडकीत रंग वाळत ठेवलेलं.